शिंपलींतील बिऱ्हाडकरू

ज्या विद्यार्थ्यांचीं गांवें नदीच्या किंवा तळ्याच्या कांठीं आहेत, त्यांस गोड्या पाण्यांतील शिंपली कांहीं नवी नाहीं. उन्हाळ्यांत पाणी ओसरूं लागलें म्हणजे उथळ चिखलावर बोटानें ओढल्यासारखी एक वांकडीतिकडी रेघ दिसते. त्या रेघेच्या टोंकाशीं हात घातला कीं ती ओढणारी शिंपली हातीं लागते. कोणी तिचें कालवण करितात. कोणी तिच्या रिकाम्या कवचास भोंक पाडून त्याच्या धारेनें कैऱ्या सोलतात. पण त्या दोन झडपांच्या आड शिंपली पुष्कळदां एकटी नसते. तिच्या घरांत दुसऱ्याच प्राण्यांचें बिऱ्हाड असतें, आणि त्या बिऱ्हाडांतील मंडळी ऋतूप्रमाणें कमीजास्त होत असते. ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षांत येते. आमच्याही लक्षांत ती उशिरां आली, आणि त्या उशिरापायीं आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला. म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें.

ती हकीकत अशी. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं नववीच्या मुलांना सुटींत एकेक प्राणी निरखून त्याचें टिपण लिहून आणण्यास सांगितलें होतें. एकाच गांवच्या दोघां मुलांनीं तळ्यांतील शिंपली निवडली. घरीं कालवणासाठीं आणलेल्या शिंपल्या एकानें मेच्या सुटींत पाहिल्या व दुसऱ्यानें दिवाळीच्या सुटींत. दोघांनाही कल्ल्यांवर चालणारे बारीक आठपायी जीव आढळले. पहिल्यानें लिहिलें, "थोडे, पण मोठे." दुसऱ्यानें लिहिलें, "पुष्कळ. बहुतेक अगदीं लहान." तळें एक, शिंपल्यांची जात एक, मग मोजण्या दोन कशा? आम्हीं पहिल्याचें टिपण आधीं वाचलें होतें. तेंच मनांत धरून दुसऱ्याच्या वहींत आम्हीं लाल शाईनें फुली मारली व बाजूला शेरा लिहिला, "निष्काळजीपणा. पुन्हां मोजावें." मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें पुन्हां मोजलेंही नाहीं. आणि पुढें कोणत्याही प्राण्याचें टिपण आपण होऊन आमच्याकडे आणलें नाहीं.

त्या मुलाचें म्हणणें खरें असण्यास किती जागा होती, हें समजण्यासाठीं आधीं घर पाहूं, मग बिऱ्हाडकरू. शिंपलीचें कवच दोन झडपांचें असतें. पाठीच्या बाजूस त्या लवचीक बंधानें जोडलेल्या असतात, व आंतून दोन बळकट स्नायू त्यांस मिटून धरतात. झडपांना आंतल्या बाजूनें एक पातळ पडदा लागलेला असतो. कवच घडविण्याचें काम त्याचें. त्याला प्रावरण म्हणतात. प्रावरणाच्या आंत दोन्ही अंगांस वहीच्या पानांसारखे पातळ कल्ले लोंबत असतात. कल्ल्यांवरील अतिसूक्ष्म केस एकसारखे हलत राहून पाण्याचा प्रवाह आंत ओढतात. पाणी एका वाटेनें आंत येतें, कल्ल्यांतून गाळलें जातें आणि दुसऱ्या वाटेनें बाहेर पडतें. त्या पाण्यांतील प्राणवायु घेऊन शिंपली श्वास घेते व त्यांतील सूक्ष्म शेवाळावर पोट भरते. एक मोठी शिंपली दिवसाकाठीं कित्येक लिटर पाणी अशा रीतीनें गाळते. म्हणजे वाहतें ताजें पाणी, पोटाची सोय आणि शत्रूपासून बचाव, या तीनही गोष्टी ह्या घरांत भाड्यावांचून मिळतात. असें घर रिकामें कसें राहील?

आतां बिऱ्हाडकरू. शेतकरी कुटुंबांतील मुलांना कोळीकीड हें नांव ठाऊक आहे. मिरची, वांगी यांच्या पानांखालीं राहून रस शोषणारी ती. शिंपलींतील जीव तिच्याच दूरच्या गोतांतला. नांवांत 'कीड' असली तरी ही कीटकांच्या वर्गांतली नव्हे. कीटकांना पाय सहा. हिला पूर्ण वाढ झाल्यावर आठ, कोळ्याला किंवा विंचवाला असतात तसे. आकार सुमारें एक ते दोन मिलिमीटर, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. ओल्या कल्ल्यावर ती चालूं लागली म्हणजेच तिच्याकडे लक्ष जातें. १७८३ सालीं बोन्त्स यांनीं युरोपांतील शिंपल्यांत राहणाऱ्या अशा एका जातीचें वर्णन केलें. १८४२ सालीं अमेरिकेंतील हाल्डमन यांनीं या वंशाला युनिओनिकोला असें नांव दिलें. 'युनिओ' हें शिंपलीच्या एका वंशाचें नांव आणि 'कोला' म्हणजे राहणारा. तेव्हां आमच्या मथळ्यांतील बिऱ्हाडकरू हा शब्द शास्त्रीय नांवापासून फार दूर गेलेला नाहीं. आज या वंशाच्या अडीचशेंहून अधिक जाति माहीत आहेत. त्यांतील कांहीं स्पंजांच्या आश्रयानें राहतात, पुष्कळ शिंपल्यांच्या. आपल्या देशांतील तळ्यांत व नद्यांत आढळणाऱ्या लॅमेलिडेन्स वंशाच्या शिंपल्यांतही त्या सांपडतात.

हा बिऱ्हाडकरू घरमालकाला कसा ओळखतो, याविषयीं एक सुंदर प्रयोग झालेला आहे. अमेरिकेंतील वेल्श यांनीं १९३० सालीं शिंपलींतून काढलेल्या कोळीकिडी स्वच्छ पाण्यांत सोडल्या. एका बाजूनें उजेड दाखवितांच त्या उजेडाकडे धांवल्या. मग त्या पाण्यांत शिंपलीच्या अंगचा रस मिसळला. त्याबरोबर त्याच किडी पाठ फिरवून अंधाराकडे निघाल्या. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं असें दाखविलें कीं, हा परिणाम किडीच्या स्वतःच्या यजमान शिंपलीच्या रसानें होतो. वाटेल त्या शिंपलीच्या रसानें होत नाहीं. याचा अर्थ उघड आहे. घर सुटलें असतां उजेडाकडे, म्हणजे मोकळ्या पाण्याकडे जावें. घराचा वास लागतांच अंधाराकडे, म्हणजे झडपांच्या आंत शिरावें. दिवा न लावतां घर ओळखण्याची ही युक्ति आहे.

घरांतील व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. उत्तर अमेरिकेंत युनिओनिकोला फॉर्मोसा नांवाची एक जात आहे. तिचें पहिलें वर्णन १८३६ सालचें. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना संस्थानांत डिमॉक व त्यांचे सहकारी यांनीं तिचा पुष्कळ वर्षें अभ्यास केला. १९८३ सालीं डिमॉक यांनीं असें दाखविलें कीं, एका शिंपलींत बहुधा एकच प्रौढ नर असतो व त्याच्यासह अनेक माद्या असतात. दुसरा नर आंत आला तर दोघांची झुंज लागते. मोजणाऱ्याच्या दृष्टीनें ही गोष्ट महत्त्वाची आहे. अशा जातींत नरांच्या संख्येला घरांच्या संख्येचा लगाम असतो. घरें जितकीं, साधारणपणें तितकेच नर. त्यामुळें ऋतूंबरोबर जी मोठी भरती-ओहोटी होते, ती मुख्यतः माद्यांची व पिल्लांची असते. ज्यानें केवळ नर मोजले, त्याला भरती-ओहोटीचा पत्ताही लागणार नाहीं.

ही भरती-ओहोटी कशानें होते, हें या जिवाच्या जन्मकथेंत आहे. ती थोडी लक्षपूर्वक वाचावी, कारण पुढील सर्व हिशेब तिच्यावर उभा आहे. मादी शिंपलीच्या अंगांतच अंडीं घालते. जागा जातीनुसार ठरलेली असते. युरोपांतील एक जात कल्ल्यांत घालते, तर दुसरी प्रावरणांत. अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लाला पाय सहाच असतात. हें सहापायी पिल्लूं पुष्कळ जातींत जन्मघरीं राहत नाहीं. तें शिंपलीच्या बाहेर पडतें व पाण्यांत दुसराच यजमान शोधतें. हा यजमान म्हणजे एक प्रकारचें चिलट. हें दिसतें डासासारखें, पण चावत नाहीं. पाण्याच्या हौदाच्या तळाशीं गाळांत वळवळणाऱ्या तांबड्याभडक अळ्या मुलांनीं पाहिल्या असतील; त्या याच कुळांतल्या. सहापायी पिल्लूं चिलटाच्या अळीला किंवा कोशाला गांठतें. कोश फुटून चिलट पंख पसरून बाहेर आलें कीं पिल्लूं त्याच्या अंगाला चिकटतें व त्याच्या शरीरांतील रसावर जगतें. असा त्याचा कांहीं काळ हवेंत जातो. चिलट अंडीं घालण्यास पाण्यावर परत आलें म्हणजे पिल्लूं उतरून घेतें. बैल उधळला तरी गोचीड जागची हालत नाहीं, तशीच ही स्वारी. फरक इतकाच कीं, ह्या स्वारीच्या शेवटीं पिल्लूं कदाचित् दुसऱ्याच तळ्यांत उतरलेलें असतें. ज्या प्राण्याला पंख नाहींत व ज्याचें घर गोगलगाईहूनही मंद, त्याची जात गांवोगांव पसरते ती अशा फुकटच्या वाहनानें.

पाण्यांत उतरल्यावर शिंपलीचा शोध सुरू होतो. ती सांपडली म्हणजे पिल्लूं आंत शिरून तिच्या मांसल भागांत रुतून बसतें व निश्चल होतें. वरून पाहणाऱ्यास तें मेलेलें वाटावें. पण आंत त्याची घडण बदलत असते. त्यांतून आठपायी पिल्लूं बाहेर पडतें, हिंडूं-फिरूं लागतें, खाऊन वाढतें. पुन्हां एकदां रुतून बसतें, आणि या दुसऱ्या विश्रांतीनंतर पूर्ण वाढलेला नर किंवा मादी होऊन बाहेर येतें. म्हणजे एका जन्मांत या जिवाचीं घरें तीन झालीं: जन्माची शिंपली, मधलें चिलट, आणि शेवटची शिंपली. मधल्या घराची मुदत मात्र चिलटाच्या हातीं असते.

आतां ऋतूंचा जमाखर्च मांडूं. कोणत्याही महिन्यांत शिंपलींत किती किडी सांपडतील, हें चार रकमांवर अवलंबून असतें. जन्म आणि बाहेरून आलेले, या दोन रकमा जमेच्या. मरण आणि बाहेर गेलेले, या दोन खर्चाच्या. ह्या चारही रकमा वर्षभर सारख्या नसतात. उत्तरेकडील थंड देशांत हिंवाळ्यांत पाणी गोठण्याच्या बेतास येतें. या प्राण्यांच्या अंगीं स्वतःची ऊब नसल्यामुळें त्यांची वाढ मंदावते; हवेंत चिलटेंही नसतात. तेव्हां येणें-जाणें जवळजवळ थांबतें, आणि प्रौढ किडी शिंपलीच्या आश्रयानें थंडीचे दिवस काढतात. पाणी तापूं लागलें म्हणजे सर्वच खात्यांत हालचाल सुरू होते. अंडीं घातलीं जातात, पिल्लें निघतात व बाहेर पडतात. त्याच दिवसांत चिलटांचे थवे उठतात व त्यांबरोबर पिल्लांची ने-आण चालते. जुन्या प्रौढ किडी आपलें काम संपवून मरूं लागतात. मग परतलेलीं पिल्लें शिंपलींत दाखल होतात, आणि ज्या घरांत कांहीं महिन्यांपूर्वीं थोडे मोठे जीव होते, तेथें पुष्कळ लहान जीव दिसूं लागतात. पुढें त्यांतील कांहीं मरतात, कांहीं मोठे होतात, आणि पुन्हां थंडीच्या तोंडाशीं घर प्रौढांचें होतें. घर तेंच, मालक तोच. राहणाऱ्यांची शिरगणती मात्र महिन्यागणिक निराळी.

हें आंकड्यांनीं अधिक स्पष्ट होईल. पुढील आंकडे आम्हीं केवळ उदाहरणासाठीं कल्पिलेले आहेत. समजा, एका तळ्यांतून दर वेळीं दहा शिंपल्या पाहिल्या. एप्रिलांत ४० प्रौढ सांपडले, पिल्लें एकही नाहीं. ऑगस्टांत २५ प्रौढ व ७५ पिल्लें सांपडलीं. ऑक्टोबरांत ६० प्रौढ व १० पिल्लें. आतां ज्यानें फक्त प्रौढ मोजले, तो म्हणेल, "एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत संख्या ४० वरून २५ वर आली, किडी नष्ट होत चालल्या." ज्यानें सर्व मोजले, तो म्हणेल, "संख्या ४० वरून १०० झाली, अडीचपट वाढ!" आणि जो एप्रिल व ऑक्टोबर एवढेच महिने पाहील, तो म्हणेल, "पावणेदोनपट वाढली, पण पिल्लें थोडींच होतात." तिघांनींही प्रामाणिकपणें मोजलें आहे. तिघांचेही आंकडे खरे आहेत. खोटा आहे तो एका दिवसाच्या आंकड्याला वर्षाचा आंकडा समजण्याचा हट्ट. आमची लाल फुली ह्याच हट्टांतून उमटली.

मोजणाऱ्यास फसविणाऱ्या आणखी तीन गोष्टी आहेत. पहिली, सरासरी. दहा शिंपल्यांत चाळीस किडी म्हणजे प्रत्येकींत चार, हा हिशेब पाटीवर बरोबर. पण प्रत्यक्षांत एका शिंपलींत पंधरा व दुसरींत एकही नाहीं, असें असूं शकतें. म्हणून 'दहांपैकीं किती शिंपल्यांत सांपडल्या' आणि 'सांपडल्या तेथें किती सांपडल्या' हे दोन प्रश्न निरनिराळे विचारावे लागतात. लहान शिंपली व मोठी शिंपली यांचीही वेगळी नोंद पाहिजे. खोलीभर घर आणि वाडा यांतील माणसांची तुलना करून चालत नाहीं.

दुसरी गोष्ट, न दिसणारे बिऱ्हाडकरू. अंडीं आणि रुतून बसलेलीं पिल्लें मांसाच्या आंत असतात. कल्ले नुसते पाण्यांत खळबळून घेतले तर चालणाऱ्या किडी तेवढ्या हातीं लागतात. रुतलेल्यांची गणती करावयाची तर भिंग लावून कल्ल्यांचा व प्रावरणाचा कण न् कण तपासला पाहिजे. तेव्हां 'या महिन्यांत पिल्लें नाहींत' असें लिहिण्यापूर्वीं आपण कोठें पाहिलें व कोठें पाहिलें नाहीं, हें आधीं लिहावें.

तिसरी गोष्ट, ओळख. नॉर्थ कॅरोलायनांत दोन जातींच्या शिंपल्यांत राहणारी कीड एकच आहे, असें बराच काळ समजलें जात होतें. एडवर्ड्स व डिमॉक यांनीं १९८८ सालीं एका शेततळ्यांतील दोन्ही शिंपल्यांमधील या किडींच्या संख्येची तुलना प्रसिद्ध केली. पुढें अधिक तपास झाल्यावर एका शिंपलींतील कीड निराळ्याच जातीची ठरली, व १९९४ सालीं तिला फॉइली हें नवें नांव मिळालें. दिसण्यांत इतकें साम्य असूनही तीं दोन वेगळीं कुटुंबें होतीं. दोन घरच्या मंडळींची एकत्र शिरगणती केली तर कोणत्या घरांत बारसें झालें व कोणत्या घरांत सुतक आलें, हें कसें कळणार?

चुकीच्या ओळखीची याहून जुनी आणि मौजेची गोष्ट खुद्द शिंपलीच्या बाबतींत घडलेली आहे. १७९७ सालीं डेन्मार्कमध्यें रात्के यांना शिंपलीच्या कल्ल्यांत असंख्य बारीक, दोन झडपांचे जीव आढळले. हे शिंपलीला लागलेले परोपजीवी होत, असें समजून त्यांनीं त्यांस तसें नांवही दिलें. वस्तुतः तीं शिंपलीचीं स्वतःचीं पिल्लें होतीं! शिंपलीची मादी आपलीं पिल्लें कल्ल्यांतच वाढविते, आणि थंड देशांतील कांहीं जाति तर तीं हिंवाळाभर पोटाशीं धरून वसंतांत सोडतात. सुटलेलीं पिल्लें माशांच्या कल्ल्यांना व परांना चिकटतात, कांहीं दिवस माशांच्या अंगावर काढतात, व मग तळाशीं गळून पडून स्वतंत्र संसार मांडतात. म्हणजे जी शिंपली किडीला घर देते, तिनेंही आपलें बाळपण दुसऱ्याच्या अंगावर काढलेलें असतें. किडीला चिलट, शिंपलीला मासा. पाण्याखालचा हा व्यवहार कोणा एकाच्या बळावर चालत नाहीं.

बिऱ्हाडकरू भाडें देत नाहीं, हें वर सांगितलें. मग तो घराची नासधूस करितो काय? इंग्लंडमधील बेकर यांनीं १९७६ व १९७७ सालीं याचा सूक्ष्म अभ्यास केला. कीड कल्ल्याला धरून बसते तेथील भाग दुखावतो, शिंपलीच्या रक्तांतील पेशी त्या ठिकाणीं गोळा होतात, व कीड आपलें अन्न शिंपलीच्या अंगांतूनच मिळविते, असें त्यांना आढळलें. म्हणजे नुकसान आहेच. तथापि थोड्या किडी असलेली शिंपली आपलें आयुष्य सुखानें कंठते. फार गर्दी झाली तरच कल्ल्यांची नासाडी जाणवण्याजोगी होते. बिऱ्हाडकरूचें हितही यांतच आहे, कारण घर पडलें तर तो उघड्यावर येईल. जर्मनींतील क्यूखेनमाइस्टर यांनीं तर १८५६ सालीं असा तर्क मांडला होता कीं, सॅक्सनी प्रांतांतील एल्स्टर नदीच्या शिंपल्यांत जे मोती मिळत, त्यांचें एक कारण या किडी होत. मोती होण्याचें मूळ आज अधिक नीट समजलें आहे. कोणत्याही कारणानें प्रावरणाच्या पेशी आंतील मांसांत लोटल्या गेल्या, तर त्यांची एक पिशवी बनते व तींत मोत्याचे थर बसूं लागतात. कीड हें अशा इजेचें अनेक कारणांपैकीं फार तर एक कारण असूं शकेल. ओडिशांत भुवनेश्वरजवळ गोड्या पाण्यांतील मत्स्यसंवर्धनाची जी केंद्रीय संस्था आहे, तेथें आपल्याकडील शिंपल्यांत मोती पिकविण्याच्या पद्धति याच तत्त्वावर विकसित केल्या गेल्या.

येथें पालकांच्या मनांत एक साहजिक शंका येईल: अशा शिंपल्यांचें कालवण खावें काय? या किडींचा संसार शिंपली व चिलट यांच्यापुरता आहे. माणसाच्या अंगीं त्या बिऱ्हाड करीत नाहींत, आणि शिजविल्यावर त्या उरतही नाहींत. भीति बाळगावी ती दुसऱ्याच गोष्टीची. शिंपली पाणी गाळते, तेव्हां त्या पाण्यांतील घाण, रोगजंतु आणि कारखान्यांतून आलेलीं विषारी द्रव्यें तिच्या अंगांत सांठत जातात. ज्या नदींत गटारें किंवा कारखान्यांचें पाणी सोडलेलें आहे, तेथील शिंपली खाऊं नये. दोष शिंपलीचा नव्हे, पाणी नासविणाऱ्यांचा आहे.

आणि हें नासणें आतां फार दूरवर गेलें आहे. धरणांमुळें नद्यांचे प्रवाह अडले, वाळूच्या उपशानें तळ खरवडले गेले, सांडपाण्यानें डोह काळे झाले. जगांतील अतिशय संकटांत सांपडलेल्या प्राण्यांत गोड्या पाण्यांतील शिंपल्यांची गणना होते. एकट्या उत्तर अमेरिकेंत त्यांच्या सुमारें ३०० जाति. त्यांपैकीं निम्म्यांहून कितीतरी अधिक आज धोक्यांत आहेत. २०२३ सालच्या ऑक्टोबरांत अमेरिकन सरकारनें ज्या २१ जाति कायमच्या नाहींशा झाल्या म्हणून संरक्षणाच्या यादींतून काढल्या, त्यांत ८ जाति गोड्या पाण्यांतील शिंपल्यांच्या होत्या. शिंपली गेली कीं तिच्यावांचून न जगणारी कीडही गेली. माशाच्या अंगावर वाढणारी शिंपली मासे गेल्यावर गेली. घर पडल्याची नोंद सरकारी दप्तरांत होते. घरांतल्या बिऱ्हाडकरूंची नोंद करणारा मात्र पुष्कळदां कोणी नसतो.

म्हणून आपल्या गांवच्या तळ्याची नोंद आपणच ठेविली पाहिजे. आपल्याकडे पाणी गोठत नाहीं. आपलें पंचांग पावसाचें आहे. पुरानें तळ ढवळला जाणें, दिवाळीनंतर पाणी निवळणें, वैशाखांत तळें आटून शिंपल्यांनीं चिखलांत खोल जाणें, हे आपले महिने. तेव्हां परदेशांतील ऋतूंचा तक्ता आपल्या तळ्याला जसाच्या तसा लावूं नये. आपला तक्ता आपण मोजून करावा. रीत सोपी आहे. निव्वळ मोजण्यासाठीं एकही शिंपली मारूं नये. एकेक शिंपली पंधरा-वीस वर्षांची, कधीं त्याहूनही वयस्क असते. आपल्या एका दुपारच्या कुतूहलासाठीं तिचा जीव घेणें योग्य नव्हे. ज्या शिंपल्या घरीं कालवणासाठीं आल्याच आहेत, त्या चुलीवर चढण्यापूर्वीं आईच्या शेजारीं बसून पाहाव्या. तारीख, तळ्याचें नांव, पाण्याची खोली, शिंपलीची लांबी; मोठ्या किडी किती, लहान किती; कल्ल्यांवर किती, प्रावरणावर किती; ज्या शिंपलींत एकही सांपडली नाहीं, तिच्यापुढें स्वच्छ अक्षरांत शून्य. शून्य हीही मोजणीच आहे. असें महिन्यांतून एकदां, निदान एक वर्ष करावें. आणि दोन महिन्यांचे आंकडे जुळले नाहींत, तर ते जुळविण्याच्या भरीस पडूं नये. न जुळणें हेंच बहुधा सांगण्यासारखें असतें.

ज्या वहींत आम्हीं लाल फुली मारली, ती वही आमच्यापाशींच राहून गेली आहे. ती नेण्यास मुलगा आला नाहीं, व तो शाळा सोडून गेल्यालाही आतां बराच काळ लोटला. हा लेख लिहावयास बसण्यापूर्वीं आम्हीं ती वही काढून पुन्हां वाचली. अक्षर नीट आहे, तारीख आहे, शिंपल्यांची संख्या आहे, लहान-मोठ्या किडींची वेगळी नोंद आहे. पहिल्या मुलाच्या टिपणांत यांतलें निम्मेंही नव्हतें. निष्काळजीपणा होता तो वही तपासणाऱ्याचा. फुली पुसतां येत नाहीं, म्हणून तिच्या शेजारीं आम्हीं लिहिलें आहे, "मोजणी मान्य. मेची व दिवाळीची मोजणी निराळी येऊं शकते, हें शिक्षकास ठाऊक नव्हतें." त्याचा धाकटा भाऊ यंदां आमच्या शाळेंत आठवींत आहे. हा अंक आणि ती वही त्याच्याच हातीं घरीं धाडीत आहों.